तिसरा ठोका

मालोजीअण्णांच्या घरात नळ होता, पण अण्णा घरी असताना तो कुणी सोडत नसे.

बंगळूरच्या गवीपुरममधली त्यांच्या माडीवरची खोली मी १९९९च्या जानेवारीत भाड्याने घेतली. पुण्याहून येऊन मला चार महिने झाले होते. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी होती, सकाळी पावणेआठला कंपनीची बस कोपऱ्यावर यायची. सामान वर चढवून झालं तेव्हा अण्णांच्या पत्नी सगुणाबाई कॉफीचा पेला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "एक सांगून ठेवते हं, सुखदा. वरचा नळ अण्णा दुकानाला गेल्यावर सोड. खाली आम्ही संपातूनच काढतो."

अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीला इथे संप म्हणतात. अण्णा रोज पहाटे उठून त्यातून दोरीने बादल्या ओढत. घरात पंप नव्हता. पाणी वाचवत असतील, असं मला वाटलं. मग एका सुट्टीच्या दिवशी मी विसरून नळ सोडला. जुन्या लोखंडी पाइपात हवा अडकून भिंतीतून घडघड आवाज गेला. खाली पाहते तर अण्णा अंगणात उभे. दाढीचा साबण अर्ध्या गालावर, आणि एक तळहात भिंतीवर सपाट टेकवलेला, डॉक्टर छातीवर ठेवतात तसा. मी नळ बंद केला तरी ते बराच वेळ तसेच उभे होते. वर बघितलं नाही, रागावले नाहीत. नंतर आत जाऊन त्यांनी उरलेली दाढी केली.

अण्णा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. किडकिडीत, उंच, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट. साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेलं मराठा घराणं. घरात मराठी, बाहेर सगळं कन्नड. माझं पुण्याचं मराठी ऐकून ते सुरुवातीला म्हणायचे, "रेडिओवाणी बोलतेस की गं." चिकपेटच्या मागच्या गल्लीत त्यांचं आठ फुटी दुकान होतं. तांब्या-पितळेला डाख द्यायचं काम. समयांचे मोडलेले दांडे, देवळातल्या घंटांचे कान, गॅसच्या शेगड्यांचे बर्नर. हात असा की सांधा बोटाला लागायचा नाही. शेजारच्या गल्लीत मोटारींचे रेडिएटर दुरुस्त करणारे बसत आणि अडलं की अण्णांना बोलवायला येत. अण्णा जात नसत. ज्यातून पाणी वाहतं असं काही ते हातात धरत नाहीत, हे त्या गल्लीला ठाऊक होतं. का, हे कुणी विचारत नव्हतं.

मला मात्र नेमकं तेच काम होतं.

नोकरी सांभाळून मी एका आर्किटेक्टसाठी इमारतींची चित्रं कॉम्प्युटरवर करून देत असे. एकेक चित्र तयार व्हायला दीड-दोन तास लागत. पगारातून साठवून सुटे भाग आणून मी स्वतः कॉम्प्युटर जुळवला होता. त्यातला सेलेरॉन प्रोसेसर होता तीनशे मेगाहर्ट्झचा, पण बोर्डावरची एक सेटिंग बदलली की तो साडेचारशेच्या वेगाने पळायचा. पळायचा म्हणजे मार्चपर्यंत पळाला. मग माझ्या खोलीवरचा सिमेंटचा पत्रा तापायला लागला आणि दुपारी चित्र अर्ध्यावर आलं की पडदा गोठायचा. मोठा पंखा लावला, खोका उघडा ठेवला, टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. काही उपयोग झाला नाही.

सायबर कॅफेत बसून शोधलं तेव्हा कळलं की अमेरिकेतले काही हौशी लोक प्रोसेसर पाण्याने थंड करतात. प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवायचा, त्यातून पाणी फिरवायचं, तापलेलं पाणी रेडिएटरमधून नेऊन निववायचं आणि पुन्हा ठोकळ्यात आणायचं. एक बंद फेरा. रेडिएटर म्हणून ते मोडीतल्या मोटारीचा हीटर काढून लावत. बंगळूरच्या मोटारींना हीटर कुठून असणार! म्हणजे सगळंच बनवून घ्यावं लागणार होतं, आणि तांब्याचं काम करणारा माणूस माझ्याच खालच्या मजल्यावर राहत होता.

एका संध्याकाळी ते पायरीवर बसले होते तेव्हा मी आलेखाच्या वहीतलं चित्र त्यांच्यापुढे धरलं. लोणच्याची प्लास्टिकची बरणी, तिच्यात माशांच्या टाकीचा छोटा पंप, तिथून नळी ठोकळ्याकडे, ठोकळ्यातून रेडिएटरला, रेडिएटरमधून परत बरणीत. बाण काढून, रंग भरून.

अण्णांनी चित्र हातात घेतलं नाही. "पाण्याचं काम मी करत नाही," एवढंच म्हणाले.

"अण्णा, छोटंसं आहे. अर्धा इंची नळी. प्रेशर जवळजवळ नाहीच."

"बेडा," ते म्हणाले. नको. पण डोळे चित्रावरून हलत नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "हा पंप बंद पडला तर?"

"तर कॉम्प्युटर गोठेल. फार तर प्रोसेसर जळेल."

"ते नाही विचारलं. बंद पडला हे कळणार कुणाला? तू वर बसून चित्रं बघत असशील. हे आत. सांगणार कोण तुला?"

 मी हसून म्हटलं, "जाऊ दे ना अण्णा, प्रोसेसरच जाईल. कुणाचा जीव तर जाणार नाही."

ते उठले आणि आत गेले. पायरीवर त्यांची कॉफी तशीच राहिली. सगुणाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, आणि चुलीकडे तोंड करून, शेंगा निवडत सांगितलं.

अण्णा पूर्वी आनेकलच्या वाटेवरच्या एका ओतकामाच्या कारखान्यात होते. तिथे विजेची भट्टी होती. भट्टीभोवती तांब्याच्या जाड नळीची वेटोळी. नळीच्या धातूतून वीज जाते, तिने आतलं लोखंड वितळतं, आणि नळीच्या पोकळीतून पाणी फिरत राहतं म्हणून ती नळी स्वतः वितळत नाही. ते पाणी सांभाळायचं काम अण्णांचं. १९८६ साली एका दुपारी वेटोळ्याला भोक पडून पाणी आत गेलं. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी सापडलं की त्याची एका क्षणात वाफ होते. भट्टी फुटली. भट्टीवर कृष्णमूर्ती म्हणून अण्णांचा मित्र होता, तो गेला.

"त्यानंतर हे तिथं गेले नाहीत," सगुणाबाई म्हणाल्या. "तेरा वर्षं झाली. अजून जेवता जेवता घास हातात धरून थांबतात. काय ऐकतात, मला सांगत नाहीत."

मला स्वतःच्या बोलण्याची इतकी लाज वाटली की मी वही कपाटात टाकली आणि विषय सोडून दिला.

दोन दिवसांनी बस पकडायला निघाले तर माझ्या दाराच्या कडीला कॅलेंडरचं पान गुंडाळून अडकवलेलं. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने माझाच फेरा, पण वेगळा. बरणी वर नेलेली, पंप तिच्या खाली. सगळ्यात उंच जागी एक आखूड नळी उभी, तोंडाला बूच. ठोकळ्याकडे जाणारी नळी आधी खाली झोका घेऊन मग वर चढलेली. आणि पंपाजवळ एक चौकोन, त्यात काहीच न लिहिलेला.

संध्याकाळी मी विचारलं तेव्हा ते मास्तरांसारखे सांगू लागले. "हवेला वर जायची वाट दे, नाहीतर ती पाण्याला अडवते. सांधा यंत्राच्या डोक्यावर ठेवू नको. गळलं तर थेंब नळीवरून घसरून बाहेर पडला पाहिजे. आणि हा चौकोन म्हणजे राखणदार. पाणी थांबलं की वीज तोडणार. तो काय असावा ते बघू. तो झाल्याबिगर मी हे चालू करू देणार नाही."

"म्हणजे तुम्ही करणार?"

"सरी, बरं. करतो," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

एप्रिलभर आम्ही सामान जमवलं. पंप इथल्या शिवाजीनगरच्या शोभेच्या माशांच्या दुकानातून, पारदर्शक नळी आणि ती आवळायच्या पट्ट्या चिकपेटमधून. रेडिएटरसाठी अण्णांनी शेजारच्या गल्लीतून एका मोडीतल्या अॅम्बॅसॅडरचा रेडिएटर मागून आणला. तेरा वर्षांत प्रथमच ते त्या गल्लीत शिरले, तेव्हा दोन म्हातारे कारागीर हातातलं काम टाकून उभे राहिले म्हणे. त्या रेडिएटरचा चौथा हिस्सा कापून त्यांनी दोन्ही टोकांना पितळेच्या नव्या टोप्या बसवल्या. ठोकळा मात्र त्यांनी तीनदा केला. पहिले दोन माझ्या डोळ्यांना निर्दोष दिसत होते. ते बादलीत बुडवून, एका टोकाने फुंकून ते कान लावून बसत आणि मग करवतीने कापून टाकत.

काम चालू असताना ते चांगले होते, असं मला वाटायचं. आता वाटतं की ते एकेक पाऊल मोजत कशाच्या तरी जवळ जात होते.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दुपारी आम्ही अंगणात चाचणी घेतली. कॉम्प्युटर अजून जोडायचा नव्हता. प्रोसेसरच्या जागी अण्णांनी इस्त्री वापरली. दोन विटांमध्ये इस्त्री उलटी ठेवली, तापणारा पत्रा वर, आणि त्यावर ठोकळा तारेने बांधला. पंप आणि इस्त्री एकाच एक्स्टेंशनवर. खाली जुने पेपर अंथरले, थेंब पडला तर दिसावा म्हणून. सगुणाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या.

मी बटण दाबलं. नळीतून बुडबुडे पळाले, वरच्या आखूड नळीतून बाहेर पडले आणि पाणी काचेसारखं स्थिर दिसायला लागलं. वाहतंय हे फक्त बरणीतल्या हलणाऱ्या पृष्ठभागावरून कळत होतं. पंप बारीक गुणगुणत होता. वीस मिनिटं झाली. पेपर कोरडा. मी अण्णांकडे पाहिलं. ते स्टुलावर बसून, मान कलती करून ऐकत होते. कपाळावर घामाचे थेंब होते, पण ते हलले नव्हते.

तेवढ्यात वीज गेली.

एप्रिलमध्ये ती रोजच जायची. गुणगुण थांबली. शेजारच्या घरातला टीव्हीही थांबला आणि अंगण एकदम शांत झालं. इस्त्रीची वीज गेली होती, पण पत्रा तापलेलाच होता आणि ठोकळ्यातलं पाणी आता जागच्या जागी होतं.

ठक्.

ठोकळ्यातून आला आवाज. आतून कुणी बोटाच्या पेराने वाजवावं तसा.

ठक्.

आणि मग किंचित थांबून, अगदी बारीक, टिक्.

अण्णा स्टुलावरून कधी उठले ते मला दिसलंच नाही. त्यांनी उघड्या हाताने इस्त्री धरली आणि ओढून दूर फेकली. नळ्या निसटल्या, बरणी कलंडली, पाणी माझ्या पायांवर आलं. कातडी भाजल्याचा वास आला. सगुणाबाई तांदळाचं सूप टाकून धावल्या. अण्णांचा तळहात पांढरा पडला होता. पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी माझं मनगट दुसऱ्या हाताने घट्ट धरलं.

"किती?"

"काय किती, अण्णा?"

"ठोके. किती ऐकलेस?"

"तीन."

"नीट सांग."

"तीनच. दोन मोठे आणि एक बारीक. आत वाफ झाली असणार, अण्णा, तापलेल्या तांब्यावर पाणी थांबलं की—"

"सगुणा, तू?"

"तीनच की," सगुणाबाई म्हणाल्या. त्यांना काही समजत नव्हतं. "हात बघू आधी."

अण्णांनी माझं मनगट सोडलं. "मी दोन ऐकले," ते म्हणाले.

हाताला कोरफड बांधून घेत, खाटेच्या कडेला बसून त्यांनी ते सांगितलं. बायकोलाही ते पहिल्यांदाच सांगत होते.

कारखान्यात भट्टी एका बाजूला आणि पंपाची खोली भिंतीमागे. भट्टीचा मुख्य खटकाही त्या मागच्या खोलीतच. आवाजामुळे हाक ऐकू जाणं शक्य नव्हतं, म्हणून कृष्णमूर्ती आणि अण्णा पाण्याच्या पाइपावर पान्हा ठोकून बोलत. दोन ठोके म्हणजे पाणी बरोबर आहे, चालू दे. तीन म्हणजे वीज तोड. अकरा वर्षं त्यांचं असं चाललं होतं. त्या दुपारी पाइपावर ठोके आले. अण्णांनी दोन मोजले. खटक्याजवळच बसले होते, हात लांबवला असता तर पोचला असता. चालू दे, असं मनात म्हणून त्यांनी विडी काढली. ती पेटवायच्या आत भिंत हलली.

"चौकशीत मला विचारलं, त्यानं खूण केली होती का? मी म्हटलं, दोन ठोके मारले. तसं कागदावर लिहिलं. त्यावरून ठरलं की भट्टीवाल्याचं लक्ष नव्हतं, त्यानं धोका सांगितलाच नाही. त्याच्याच नावावर चूक लागली." ते थांबले. "बाहेर आलो त्या घटकेपासून मला वाटतंय की मागून आणखी एक आला होता. कधी वाटतं आला, कधी वाटतं माझं मनच तो घालतंय. भिंतीतून, पाइपातून, जेवताना, सगळीकडं तेच मोजतोय मी. दोन होते की तीन."

सगुणाबाई रडत नव्हत्या. तेरा वर्षं शेजारी बसून जेवलेल्या माणसाकडे त्या नुसत्या बघत होत्या.

वीज आल्यावर अण्णा मला म्हणाले, "पान्हा घे. बाहेरच्या पाइपावर वाजव. मी दार लावून आत बसतो." मला ते करायचं नव्हतं. पण त्यांचा चेहरा बघून केलं. दोन जोरात, तिसरा हलका. आतून आवाज आला, "दोन." पुन्हा केलं. "दोन." तिन्ही सारख्या जोराने मारले तर "तीन" म्हणत. तिसरा हलका पडला की तो त्यांच्यापुरता नसायचाच.

"त्याचा तिसरा हलकाच असायचा," दार उघडून अण्णा म्हणाले. "मनगट सैल सोडायचा तो शेवटी. आम्ही हसायचो त्याला."

त्या आठवड्यात मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. कानांवर हेडफोन लावून बराच वेळ तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, बारीक, वरच्या पट्टीतले आवाज ऐकण्याची शक्ती बरीचशी गेलेली आहे. कारखान्यांत काम केलेल्यांचे कान असेच होतात, हळूहळू, त्यांना स्वतःला पत्ताही लागत नाही. अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "शहाऐंशी साली हा कान कसा होता?"

"ते आज कोण सांगणार?" डॉक्टर म्हणाले.

रिक्षात बसल्यावर मी समजूत घालू लागले. म्हटलं, अण्णा, तुमची चूक नव्हती, कान गेला होता, तुम्हाला ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "तसं असेल तर त्यानं मला हाक मारली होती, सुखदाम्मा. हाक मारून तो माझी वाट बघत तिथं उभा राहिला. आधी निदान वाटायचं, मारलीच नसेल." 

मला वाटलं होतं, आता ते कामाला हात लावणार नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ते वर आले. "हातातलं पुरं करू," म्हणाले. उजवा हात बांधलेला, म्हणून ते सांगत आणि मी करत असे. कॅलेंडरवरच्या रिकाम्या चौकोनाच्या जागी त्यांनी पाण्याच्या वाटेत एक पितळेची झडप लोंबती बसवली. पाणी वाहत असलं की ती उचललेली राहायची. थांबलं की पडायची, आणि पडता पडता एका खटक्याला टेकून कॉम्प्युटरची वीज तोडायची. आम्ही पंपाची पिन उपसून वीस वेळा बघितलं. वीसही वेळा पडदा काळा झाला. मेमध्ये, पत्रा भाजत असताना, माझा कॉम्प्युटर साडेचारशेच्या वेगाने सलग नऊ तास चालला. मी आनंदाने ओरडले. अण्णा नळीवर दोन बोटं ठेवून उभे होते. "वाहतंय," एवढं म्हणून खाली गेले.

जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी ते नवा शर्ट घालून माझ्या दाराशी आले. "आनेकलला येतेस? एकट्यानं पाय उचलत नाही."

"सगुणाकाकू?"

"तिला बघून कमलक्का रडेल. मग मला बोलायचं राहून जाईल."

कमलक्का म्हणजे कृष्णमूर्तींची बायको, कमला. आम्ही मार्केटहून बस धरली. वाटेत माझ्या ऑफिसचा फाटा गेला, पुढे नाचणीची उघडी शेतं लागली. एका ठिकाणी गंजलेलं फाटक आणि आत वाढलेली झाडी दिसली. अण्णांनी तिकडे मान वळवली नाही, त्यावरून मी ओळखलं. तो कारखाना सहा वर्षांपूर्वीच बंद झाला होता. चौकशीचा कागद दुरुस्त करून मागायलाही आता कुणी उरलं नव्हतं.

आनेकलच्या पेठेमागे एक बसकं, स्वच्छ घर. अंगणात रांगोळी. बाहेर आलेल्या बाई पन्नाशीच्या असतील, कपाळ मोकळं, हातात सुपारी कातरायचा अडकित्ता. त्यांनी अण्णांकडे पाहिलं. मला वाटलं, ओळखलं नसावं. मग अडकित्ता मिटल्याचा आवाज आला.

अण्णा उभ्या उभ्याच बोलायला लागले. कन्नडमध्ये, खाली बघून, पाठ केल्यासारखं. मला तुटक तुटक शब्द कळत होते. पाइप, दोन, तीन, कान, डॉक्टर. कृष्णमूर्तीनं खूण केली होती, चूक त्याची नव्हती, कागद खोटा आहे आणि तो माझ्या बोलण्यानं खोटा झाला, हे सांगायला आलोय, एवढं माझ्या लक्षात आलं. ते थांबले तेव्हा त्यांचे हात जोडलेले होते, पट्टी बांधलेला आणि न बांधलेला.

 कमलक्का एवढंच म्हणाल्या, "याके बरलिल्ल?"

हे दोन शब्द मला येत होते. का आला नाहीस?

अण्णा पुन्हा पाइपाचं सांगू लागले. कमलक्कांनी त्यांना हाताने थांबवलं. "ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. पुढचं सगळं अण्णांनी मला नंतर उलगडून सांगितलं. "माझ्या नवऱ्यानं खूण केली असणारच. कागदावर काय लिहिलं ते मी वाचलंही नाही. दर रविवारी तू या घरात जेवायचास, मालोजण्णा. तो गेला त्या दिवशी आला नाहीस. अकराव्याला आला नाहीस. याके बरलिल्ल? पोरं विचारायची, मामा कुठं गेले, तेही मेले का? याके बरलिल्ल?"

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांचा आवाज फुटला.  ज्याची तयारी करून ते आले होते तो प्रश्नच इथे कुणी विचारला नव्हता. ते पायरीवर खाली बसले आणि जमिनीला डोकं लागेल इतके वाकले. कमलक्कांनी त्यांना उठवलं नाही. त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. थोड्या वेळाने आतूनच म्हणाल्या, "हात धुवा. जेवायचं झालंय."

आम्ही ओसरीवर पानांवर बसलो. आतून भाताचं पातेलं घेऊन त्यांचा मुलगा आला. पंचविशीचा असेल, आनेकलजवळच्याच एका कारखान्यात लागला होता. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते, त्यामुळे मला तो एक साधा, रुंद खांद्यांचा, हसरा तरुण दिसला.  तो वाकला, भात वाढला आणि म्हणाला, "स्वल्प आणखी, मामा?" अण्णा मात्र त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. भाताचा ढीग होत गेला तरी त्यांनी हात आडवा केला नाही. शेवटी कमलक्कांनीच मुलाला थांबवलं.

परतीच्या बसमध्ये आम्हाला मागची सीट मिळाली.  चंदापूर गेल्यावर अण्णा म्हणाले, "तसाच आहे गं. भुवई, दात, वाढताना डावा खांदा खाली जातो तेसुद्धा. कृष्णमूर्ती गेला तेव्हा याच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनीच मोठा होता. मी म्हातारा झालो आणि तो उलटा लहान होऊन आलाय, असं वाटलं." मग म्हणाले, "कमलक्कानं पुढच्या रविवारी बोलावलंय."

"जाणार?"

"न जाऊन काय करू? तेरा वर्षं न जाऊन बघितलं."

ते जात राहिले. मी २०००च्या मार्चमध्ये पुण्याला परतले, तोवर एक-दोन रविवार सोडून प्रत्येक वेळी गेले. पहिल्या काही वेळांनंतर सगुणाबाईही बरोबर जायला लागल्या. दोघी बायका आत बसून बोलत, अण्णा ओसरीवर. कमलक्का त्यांच्याशी फारसं बोलत नसत, पण पान मांडत. एकदा मी विचारलं की आता तिथे बरं वाटतं का. अण्णांनी खूप विचार केला.

"जेवण गोड लागतं," ते म्हणाले. "पण कृष्णमूर्तीचा पोरगा आतून भात घेऊन यायचा असतो ना, तेव्हा पडदा हलतो आधी. तेवढा वेळ मी खाली मान घालून बसतो. कोण बाहेर येईल ते मला अजून नक्की ठरवता येत नाही."